हत्ती पाहायला गेलेली माणसं

अकोल्याच्या उन्हाचे उपकार अजून कुणी नीट मोजलेले नाहीत. वर्तमानपत्रं एप्रिलपासून त्याच्या नावानं खडे फोडतात, ४५ अंशांचा मथळा लागला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून हळहळतात, आणि आपणही सवयीनं "यंदा फारच आहे हो" म्हणतो, जणू मागच्या उन्हाळ्यात आपण शाल पांघरून बसलो होतो. पण हे ऊन नसतं तर वऱ्हाडातली निम्मी माणसं काहीच शिकली नसती, असं माझं जुनं मत आहे. सकाळचे अकरा वाजले की रस्ते ओस पडतात. दार लोटायचं, खिडकीला वाळ्याचा पडदा सोडायचा, कूलरच्या टाकीत बादलीनं पाणी ओतायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत माणूस आपल्याच घरात नजरकैदेत. झोपून झोपून झोपणार तरी किती? तीनच्या पुढे झोपेलाही आपला कंटाळा येतो. अशा वेळी हात आपोआप जवळच्या छापील कागदाकडे जातो, आणि तो कागद कशाविषयी आहे हे विचारण्याची चैन उरलेली नसते. इतिहास असो, मूळव्याध असो की मोक्ष, पाच वाजेपर्यंत पुरलं म्हणजे झालं.

माझं आजोळ अकोल्याच्या जुन्या शहरातलं, मोर्णेच्या पलीकडचं. तिथं माजघराच्या भिंतीत एक कपाट होतं. त्याला सगळे पुस्तकांचं कपाट म्हणत, पण त्यात होळीची पिचकारी, कुणाच्या तरी लग्नातला फेटा आणि तराजूची अनाथ झालेली वजनंही मुक्कामाला असत. पुस्तकं कुणी ठरवून जमवलेली नव्हती, ती येऊन राहिली होती. एका इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं वाळवीनं नेली होती. त्यामुळे पानिपतावर काय झालं हे मला फार लवकर कळलं, पण मुळात तिथं गेलेच कशाला होते, हे कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली. घरगुती औषधांचं एक पुस्तक होतं. त्यातल्या ज्या रोगाचं पान उघडावं तो रोग मला असे. कावीळ तर एका मे महिन्यात मी नखांवरून स्वतःच ओळखली होती. नखं आंब्यानं पिवळी झालीत एवढंच निदान मामीनं केलं. वेदान्ताच्या एका जाडजूड ग्रंथात सगळं जग मिथ्या असल्याचं वाचलं आणि त्याच संध्याकाळी रसाची वाटी आपल्या वाट्याला लहान आली म्हणून मावसभावाशी मारामारी केली. वाटी मिथ्या असल्याचं तो मला समजावत होता, कारण मोठी वाटी त्याच्याकडे होती.

आणि त्या कपाटात ज्ञानकोशाचा एक खंड होता. एकच. बाकीचे कुठे गेले, की आलेच नव्हते, ते घरात कुणालाच आठवत नसे. अकारविल्हे रचलेल्या कोशाचा एकच खंड वाचून मोठा झालेला मुलगा हे एक विलक्षण प्रकरण असतं. त्या एका अक्षराच्या मागेपुढे जे काही सुरू होतं, राजे, वनस्पती, नद्या, ज्वर, तत्त्वज्ञ, त्या सगळ्याविषयी मी कुणाशीही बोलू शकत असे. बाकीची बाराखडी काळोखात. वर्गात गुरुजींनी नेमका माझ्या अक्षरातला प्रश्न विचारला की मी सरस्वतीचा दत्तक पुत्र, आणि पुढच्याच अक्षराला पुन्हा शेवटच्या बाकावरचा.

त्या खंडाचे कर्ते श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म १८८४ सालचा, रायपूरचा, पण शाळा अमरावतीची. म्हणजे आमच्या हिशेबानं माणूस आपलाच. हे गृहस्थ अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले, जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, डॉक्टरेट घेऊन परत आले आणि जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणायचं त्यांनी ठरवलं. ठरवलं ते ठरवलं, त्यासाठी रीतसर कंपनी काढली: ज्ञानकोश मंडळ लिमिटेड. मला या 'लिमिटेड'चं फार कौतुक वाटतं. अमर्याद ज्ञानासाठी मर्यादित कंपनी! जिनिंग-प्रेसिंगचे शेअर घ्यावेत की नाही याचा घोर लागलेल्या माणसासमोर बसून, 'बाबिलोनिया आणि बुद्धोत्तर जग यांत रक्कम गुंतवा' असं सांगणाऱ्या माणसाचा चेहरा मी कैकदा डोळ्यांपुढे आणून पाहिला आहे. पण १९२०च्या दशकात २३ खंड खरोखर निघाले. शिवाय त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. 'गोंडवनातील प्रियंवदा' हे नाव वाचून मी मोठ्या आशेनं दुपारी आडवा झालो होतो. केतकरांची पात्रं प्रेमात पडतात, नाही असं नाही, पण पडतानाही समाजशास्त्राचं बोट सोडत नाहीत. तरी मी ती शेवटपर्यंत वाचली. ऊन होतं.

आमचे मामा अडतीवर बसत. भाव सोडून दुसरं काही वाचताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या उशाशी पानिपत, कावीळ आणि वेदान्त एकत्र पाहिले की ते चपला काढता काढता म्हणत, "एक ना धड, भाराभर चिंध्या." दर वेळी तेच, त्याच चालीत, आणि मग कौतुकानं डोक्यावर टपली. मामांना द्यायचं उत्तर मला पुढे सापडलं, पण तोवर मामा उरले नव्हते. ते उत्तर म्हणजे पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १८९८ साली जन्मला, ऑक्सफर्डला जाऊन वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून आला, जाता जाता बॅरिस्टर झाला, अमरावतीत अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९२७ साली सत्याग्रहात उतरला, शिक्षणसंस्था काढली, आणि पुढे दहा वर्षं देशाचा कृषिमंत्री होता. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचं. अग्नी, वरुण आणि उषा यांचा अभ्यास केलेल्या माणसाच्या नावाखाली आज कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त चालतो, यात मला काहीच विसंगत वाटत नाही. ऋग्वेदातल्या माणसांचंही निम्मं लक्ष पावसाकडेच होतं. मामा असते तर म्हणाले असते, "पण तो पंजाबराव होता, तू काय करतोस?" हे उत्तरावरचं उत्तरही मला ठाऊक आहे. म्हणून मी तो वाद जिंकल्याचं कधी जाहीर केलं नाही.

खरं तर घरात सगळे विषय अधिकृतपणे येत असलेलं माणूस एकच होतं, आमची मावशी. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. प्राथमिकच्या बाईला विषय निवडायची मुभा नसते. सकाळी अंकगणित, मग शिवाजीमहाराज, मग स्वच्छ हात आणि नखं, मग कविता, आणि शेवटच्या तासाला सुविचाराच्या रूपानं तत्त्वज्ञान. नेमणुकीच्या हुकुमानं झालेली सर्वज्ञ. तिचा आवडता पाठ हत्तीचा. मुलांच्या डोळ्यांना रुमाल बांधून ती वर्गात हत्ती उभा करी. हत्तीचा पाय म्हणजे टेबलाचा पाय, कान म्हणजे घरून आणलेलं खरंखुरं सूप, शेपूट म्हणजे शाळेची केरसुणी. सोंडेसाठी ती स्वतःचा हात पुढे करी, बांगड्यांसकट. "सोंडीले बांगड्या हायत बाई," असं एका पोरानं ओरडून सांगितलं होतं म्हणे. ते पोर हुशार निघालं असणार.

हत्ती आणि आंधळ्यांची ही गोष्ट तशी भारतभर फिरलेली, पण मराठीत ती आठशे वर्षांच्या घरात मुरलेली आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केशिराजांनी एकत्र केले, त्या 'दृष्टान्तपाठा'त हा हत्ती आहे आणि त्याला चाचपणारे जात्यंधही आहेत. एकाच्या हाती पाय लागतो, एकाच्या कान, आणि जो तो आपल्या हाती आलं तेच खरं म्हणून अडून बसतो. महानुभावांचं मोठं ठाणं रिद्धपूर, अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात. तिथंच म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी लिहून काढल्या, ते 'लीळाचरित्र'. ज्यानं जे पाहिलं, ऐकलं, ते त्याच्याच तोंडून घ्यायला हा विद्वान माणसामाणसाकडे गेला. कुणाकडे स्वामींच्या बोलण्यातला एक शब्द होता, कुणाकडे त्यांनी जेवताना केलेली थट्टा, कुणाकडे नुसतं त्यांचं चालणं. पुढे ती पोथी धामधुमीत हरवली, तर पंथातल्या लोकांनी पाठ होतं त्यावरून ती पुन्हा उभी केली. म्हणून तिचे पाठभेद. हत्ती पुन्हा एकदा हातांनी जुळवावा लागला. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं आहे, आणि तिथल्या मुलांना सूप, खांब, केरसुणी हे सगळं अभ्यासक्रमात मिळेल अशी आशा आहे.

पण या जिल्ह्याचा खोडकरपणा पाहा. हत्तीपुढे हरलेल्या आंधळ्यांची गोष्ट जपणाऱ्या रिद्धपुराच्या शेजारच्याच तालुक्यात, चांदूरबाजारातल्या माधान गावी, अनेक शतकांनी एक आंधळा असा निघाला की त्यानं पूर्ण हत्तीच मागितला. गुलाबराव महाराज. जन्म १८८१चा, जुलैतला. नऊ महिन्यांच्या वयात डोळे गेले. नऊ महिने मोजले तर आपण १८८२च्या एप्रिलात येतो, आणि त्याच एप्रिलात तिकडे इंग्लंडात चार्ल्स डार्विन वारला. माधानातल्या त्या अंगाईच्या वयातल्या पोराला आणि केंटमधल्या त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याला एकमेकांचा पत्ता असण्याचं काही कारण नव्हतं. पण पोर मोठं झालं आणि त्यानं डार्विनचं ऐकून घेतलं, तत्त्वज्ञ स्पेन्सरचं ऐकून घेतलं, आणि दोघांनाही उत्तरं दिली. ती पटावीत असं नाही. मला सगळी पटत नाहीत. पण कुणब्याच्या घरातला, शाळा न पाहिलेला, अक्षर न पाहिलेला माणूस वऱ्हाडात बसून इंग्लंडशी वाद घालतो, त्या वेळी बरोबर कोण हा प्रश्न जरा उशिरानं विचारावा.

वाद तेवढ्यावर थांबत नाही. आर्य बाहेरून आले हे इतिहासकारांचं मत त्यांना मान्य नव्हतं, त्यावर ते बोलले. वैद्यकात शिरले आणि मनाचं दुखणं आयुर्वेदाच्या अंगानं पाहणारा 'मानसायुर्वेद' लिहवून घेतला. योग, भक्ती, संगीत, व्याकरण, अभंग, बायकांनी म्हणायची गाणी, सगळीकडे हात घातला. शंभरावर ग्रंथ भरतात. 'नावंग' नावाची एक स्वतःची भाषा केली आणि तिला लिपीही. जी लिपी आपण कधी पाहणार नाही ती तयार करण्यातली ऐट मला झोपेतही आठवते आणि हसू येतं, आणि मग ते हसू मध्येच कुठेतरी ओलं होतं. एवढं करून ते स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी म्हणवीत आणि कृष्णाची पत्नी. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. स्पेन्सरला बिचाऱ्याला कल्पनाही नसेल की आपलं खंडन एका सवाष्णीनं केलं आहे. १९१५ साली पुण्याला ते गेले तेव्हा चौतीस वर्षांचे होते. मी चौतिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा बीएला बसावं की काय, याचा विचार करत होतो.

आजच्या काळात हत्ती सगळ्या बाजूंनी चाचपायचा असेल तर अमरावतीच्या एखाद्या अभ्यासिकेत जावं. दुपारी बारा वाजता पायऱ्यांवर चपलांचा ढीग, आत पंख्याची घरघर, आणि प्रत्येक लाकडी खणात एक वाकलेलं डोकं. धारणीकडची एक मुलगी आमच्या ओळखीची आहे, ती रोज डबा घेऊन तिथं बसते. एका दुपारी तिच्या समोरच्या वहीत वरपासून खालपर्यंत असा क्रम मी पाहिला: हडप्पाचे बंदर लोथल, ब-१च्या अभावी बेरीबेरी, केशवसुत, आणि मग कान्टचं कर्तव्य. कान्टच्या पुढे कंसात 'महत्त्वाचे' लिहिलेलं होतं. इतके वेगवेगळे विषय एका पानावर गुलाबराव महाराजांनंतर तिनंच आणले असतील. फरक एवढाच की परीक्षेला हत्ती चार पर्यायांत येतो. हत्ती म्हणजे अ) खांब, ब) सूप, क) केरसुणी, ड) वरीलपैकी सर्व. चक्रधरस्वामींचा सगळा बोध 'ड'मध्ये मावतो, पण चुकीला गुण कापतात म्हणून पोरं तो प्रश्न सोडून देतात. मी हे तिला सांगितलं, तर ती हसली नाही. "काका, हे आलं होतं का कुठल्या पेपरला?" असं तिनं विचारलं आणि पेन उचललं.

मावशीचे डोळे अलीकडे गेले. पुरते नाहीत. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध असलेला पिवळा ठिपका झिजतो, तो वयाचा आजार. त्यात नजरेच्या कडा शाबूत राहतात आणि नेमकं जिथं पाहावं तिथं धूसर डाग बसतो. तिला पुस्तकाचा समास दिसतो, मजकूर दिसत नाही. माणूस आला की दाराची चौकट दिसते, चेहरा नाही. जन्मभर लाल पेन्सिलीनं समासात खुणा करणाऱ्या बाईला उरला तर समासच उरावा, यावर ती स्वतःच पहिल्यांदा हसली, म्हणून आम्हाला हसता आलं. तेव्हापासून मी बडनेऱ्याहून गाडी धरतो, मूर्तिजापूरला चहा घेतो आणि अकोल्याला तिच्या खाटेशेजारी बसून वाचतो. काय वाचायचं ते ती ठरवते, आणि तिची निवड अजून प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकासारखीच आहे. पेपरातलं निधन-वृत्त, मग शिवकाल, मग दासबोधाचा समास, मग दवाखान्यातून आलेला गोळ्यांच्या डबीतला घडीचा कागद. तोही संपूर्ण. ल्युटीन इतकं, झिंक इतकं, आणि खाली बारीक टायपात होऊ शकणारे त्रास: मळमळ, डोकं दुखणं, तोंडाला चव नसणं.

"हे सारं त मले गोळी सुरू व्हायच्या आंधीपासून हाय," मावशी म्हणते. "पुढं वाच."

शांकरमताविषयीचं एक सोपं पुस्तक वाचत होतो. दिसतं ते जग खरं नव्हे, इथवर आलो, तशी ती मान हलवून म्हणाली, "मले त दिसतच नाही बाबू. म्हंजे माही अर्धी पायरी झाली." मला पुढची ओळ लवकर सापडेना. आजोळच्या त्या कपाटातला वेदान्त मी मोठ्या वाटीसाठी विसरलो होतो, आणि ही बाई तोच खाटेवर बसल्या बसल्या जिभेवर खेळवत होती. कूलरच्या आवाजात माझा घसा बसतो, म्हणून ती कूलर बंद करायला लावते, मग दोघंही घामानं निथळतो, मग ती पुन्हा लाव म्हणते. या उघडझापीत मराठ्यांचा इतिहास राजाराममहाराजांपर्यंत आला आहे.

मागच्या खेपेला मी गुलाबराव महाराजांचं चरित्र नेलं होतं. ती नेहमीपेक्षा गप्प बसून ऐकत होती. डार्विनपाशी आलो तेव्हा तिनं हात वर केला, वर्गात तिच्या पोरांनी करावा तसा.

"त्याले वाचून कोन दाखवे रे?"

मी सांगितलं, भक्त असतील, गावातली शिकलेली पोरं असतील, इंग्रजी येणारं कुणी असेल, ते वाचून समजावून सांगत असणार. सांगता सांगता माझ्याच डोळ्यांपुढे ते पोर आलं. माधानाच्या एखाद्या ओसरीवर मांडी घालून बसलेलं, समोर अवघड पुस्तक, कळतंय त्याहून न कळणारं जास्त, आणि समोरचा कुंकू लावलेला माणूस 'मागचं वाक्य पुन्हा' म्हणतोय. सगळा हत्ती त्या पोराच्या घशातून पलीकडे जात होता. त्यातलं पोराला किती चिकटलं असेल कोण जाणे. थोडं तरी चिकटतंच. मला ब-१ आणि बेरीबेरी आता पाठ आहे.

"मंग त्या पोराले कोनी पानी-गिनी दे का नाही?" मावशीनं विचारलं.

"देत असतील की."

"काय भरोसा? मोठ्या लोकाइले असं ध्यानात राह्यत नाही." तिनं डोळ्याच्या कडेनं तांब्या शोधला, हातानं चाचपला आणि माझ्याकडे सरकवला. "तू पी घोटभर. अन मंग त्या माकडावाल्याले यानं काय म्हटलं ते वाच. पान सोडू नोको, मले समजते."